ऑपरेशनच्या लायकीचं

डॉक्टर चेन्नईचे होते. महिन्यातून दोनदा कोल्हापूरच्या एका दवाखान्यात यायचे, सकाळभर रुग्ण तपासायचे आणि संध्याकाळच्या विमानाने परत जायचे. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी जेमतेम. म्हणून आदितीने कॉलेजातून रजा काढली होती. कुरुंदवाडहून अण्णाप्पा आणि अक्काताई, म्हणजे तिचे आईवडील, अप्पा आणि अव्वा, आदल्या दिवशीच तिच्या कसबा बावड्याच्या फ्लॅटवर येऊन राहिले होते. डॉक्टरांचं बोलणं अप्पांना समजावून सांगायचं, एवढंच तिचं काम होतं. इंग्रजीची प्राध्यापिका ती. तिला त्यात अवघड काय वाटणार?

अव्वाला बाहेर चाकाच्या खुर्चीत बसवून दोघं आत गेले. डॉक्टरांनी स्कॅनच्या फिल्म उजेडाला धरल्या. स्वादुपिंडातली गाठ त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवली, मग यकृतावरचे डाग दाखवले. अप्पा टोपी मांडीवर ठेवून पुढे वाकून बघत होते, जसं काही नीट बघितलं तर त्यांनाही त्यातलं कळेल. डॉक्टर हळू आवाजात, सौम्यपणे बोलत होते. माणूस चांगला होता, हे आदितीने नंतरही कधी नाकारलं नाही. शेवटी त्यांनी फिल्म खाली ठेवली आणि एक छोटं वाक्य उच्चारलं. द फाइंडिंग्ज डू नॉट वॉरंट सर्जरी.

"काय म्हणत्यात?" अप्पांनी विचारलं.

वॉरंट. पोलिसांचं वॉरंट निराळं, हे क्रियापद निराळं. कागदोपत्री भाषेतलं, भारदस्त. आदिती ते अकरावी-बारावीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आली होती. टु जस्टिफाय, टु डिझर्व. खाली मराठी अर्थ : समर्थनीय ठरवणे, पात्र असणे, लायक असणे. इतक्या वेळा तिने ते फळ्यावर लिहिलं होतं, की आता तिला विचार करावाच लागला नाही. डोळ्यांसमोर ते काळे-पांढरे डाग होते, आणि तोंडातून जे तयार होतं तेच बाहेर पडलं.

"अप्पा, अव्वाची तब्येत ऑपरेशनच्या लायकीची राहिली न्हाई म्हणतात."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "लायकीची?" ते एवढंच म्हणाले. मग टोपी डोक्यावर घातली, डॉक्टरांना हात जोडले आणि उठून बाहेर गेले. डॉक्टर अजून काही सांगत होते. कावीळ उतरावी, अंगाची खाज थांबावी म्हणून पित्तनळीत एक बारीक नळी बसवता येईल, दुर्बिणीतून, फाडायचं काही नाही. ते आदितीने एकटीने ऐकून घेतलं.

घरी जाताना अप्पा पुढच्या सीटवर बसले. भरतेश, आदितीचा नवरा, गाडी चालवत होता. अव्वा मागच्या सीटवर डोळे मिटून होती. तिची कातडी हळदीसारखी पिवळी झाली होती आणि खाजवून खाजवून दंडावर रेघा उमटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा उजाडताच निघाले. "शेताकडं जाऊन येतो. पाण्याची पाळी हाय," म्हणाले. अव्वा इथेच राहिली. दोन दिवसांनी आले, तिच्याजवळ बसले, जेवले आणि पुन्हा गेले. पुन्हा पाण्याची पाळी. आदितीला वाटलं, बायकांच्या आजारपणात पुरुषांचं असंच असतं, बघवत नाही म्हणून ते शेतात जाऊन उभे राहतात. रिपोर्टांची फाइल कपाटात दिसत नव्हती. ती भरतेशने कुठेतरी ठेवली असेल असं ती धरून चालली.

मग मिरजेहून फोन आला. ती कॉलेजात होती, तास नुकताच संपला होता.

"मी डॉक्टर उपाध्ये बोलतोय," पलीकडचा आवाज वयस्कर होता. "कुरुंदवाडचे अण्णाप्पा चौगुले तुमचे वडील का? ते माझ्याकडे बसलेत. तुमचा नंबर फाइलवर होता म्हणून फोन केला."

"त्यांना काही झालंय का?"

"त्यांना काही नाही. आईंचे रिपोर्ट घेऊन आलेत. मी बघितले, चेन्नईच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते बरोबरच आहे. पण हे उठायला तयार नाहीत. मिरजेतला हा त्यांचा पहिला दवाखाना नाही, मला वाटतं चौथा-पाचवा असेल. ते विचारतात, बायको ऑपरेशनच्या लायकीची होण्यासाठी काय करावं लागेल. रक्त कमी असेल तर माझं घ्या म्हणतात. वजन कमी असेल तर दोन महिने खायला घालतो म्हणतात." डॉक्टर जरा थांबले. "ताई, हा लायकीचा शब्द त्यांना कुणी सांगितला?"

आदितीने पर्स उचलली. "मी येते," म्हणाली.

मिरजेपर्यंतच्या रस्त्यावर तिला तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला, स्वतःच्याच आवाजात. इंग्रजी वाक्यात तपासण्या होत्या आणि शस्त्रक्रिया होती. अव्वा त्या वाक्यात कुठेच नव्हती. आदितीनेच तिला मराठीत आणून बसवलं होतं, आणि वर लायकी काढली होती. बोलताना तिला ते कळलंही नव्हतं. आणि अप्पांना तेवढं एकच कळलं होतं.

अप्पा दवाखान्याबाहेरच्या चहाच्या गाड्याशेजारी बाकावर बसले होते. धोतर, पांढरा सदरा, नायलॉनच्या पिशवीत फाइल. तिला बघून त्यांनी पिशवी उचलून शेजारी जागा केली. रागावले असतील असं तिला वाटलं होतं. ते रागावलेले नव्हते, नुसतेच दमलेले दिसत होते.

"हे डाक्टर बी तेच म्हणत्यात," ते म्हणाले. "समदे एकच म्हणत्यात."

"अप्पा, माझं चुकलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते."

"मग कसं म्हणाले?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. वर्गात जे सोपं वाटायचं ते बाकावर बसून वडिलांना सांगताना सोपं राहिलं नाही. "त्यांनी अव्वाबद्दल काही म्हटलंच न्हाई. ते ऑपरेशनबद्दल बोलत होते. एवढं मोठं ऑपरेशन करायचं, पोट फाडायचं, तर त्यातून माणसाला काहीतरी मिळायला पाहिजे. अव्वाला त्यातून नुसता त्रास मिळणार, दुसरं काही न्हाई. म्हणून ते ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं. लायकी काढायचीच असेल तर ऑपरेशनची काढायला पाहिजे होती. तेच तिच्या लायकीचं न्हाई."

अप्पांनी हे ऐकून घेतलं. गाड्यावरच्या पोऱ्याने दोन चहा आणून ठेवले.

"तू बराबरच सांगितलंस," ते म्हणाले.

"न्हाई अप्पा, मी चुकीचं…"

"ऐक की. तुझ्या इंग्रजीचं मला काय कळतंय? पर तू ते म्हणालीस आन् मला वाटलं, आता डाक्टर बी म्हणाया लागला. घरात तर जलमभर तेच चाललंतं." त्यांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. "दिवाळीपास्नं तिच्या पोटात दुखत हुतं. गरम पाण्याची पिशवी घिऊन पडायची. मी म्हटलं, चल मिरजंला जाऊन यीऊ. तर म्हणाली, एवढ्यासाठी दवाखाना? मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिशी इचारलंच न्हाई. असं समद्यातच. नवं लुगडं, कशाला. श्रवणबेळगोळला बायका निघाल्या, माझ्यासाठी कशाला. ती कशाला म्हणायची आन् आमी बरं म्हणायचो. सोपं पडायचं की आमाला बी."

फ्लॅट घेतला तेव्हा आदितीने अव्वाला म्हटलं होतं, आठ दिवस येऊन राहा. अव्वा म्हणाली होती, मी कशाला, तुमची अडचण. आणि आदितीने तो विषय तिथेच सोडला होता. घर लावायचं होतं, कॉलेज होतं. खरं सांगायचं तर तिलाही ते सोपंच पडलं होतं. त्यानंतर अव्वा त्या घरात पहिल्यांदा राहायला आली ती आजारी होऊनच.

"तिला सांगितलंय का काय?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"मग सांगाया पायजे. आज सांगू. तू सांग, मला जमायचं न्हाई. पर असं सांग की तिला कळंल." पिशवी उचलत ते म्हणाले, "आन् तो शबुद वापरू नगंस."

बावड्यात पोचेपर्यंत ऊन उतरत आलं होतं. अव्वाचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायचं, आजारपणातही तिने तो नेम मोडला नव्हता. भरतेशने मुगाची पातळ खिचडी करून ठेवली होती. तिने दोन-तीन घास खाल्ले, उकळून गार केलेलं पाणी प्यायली आणि बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसली. तिथून साखर कारखान्याची चिमणी दिसायची आणि तिच्या पलीकडे उसाचे हिरवे पट्टे, मध्येच नव्या इमारतींचे सांगाडे. आदिती तिच्या पायाशी जमिनीवर बसली. अप्पा पलंगाच्या कडेला.

"अव्वा, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला सांगायचंय."

"मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"अगं, दार उघडंच हुतं की. तुमी आत, मी भाईर. इंग्रजी न्हाई कळलं, तू मराठीत सांगितलंस ते कळलं." अव्वा खाजेने दंड चोळत होती. "ऑपरेशनच्या लायकीची न्हाई."

आदितीने मान खाली घातली. अप्पा पलंगावरून उठू लागले.

"बसा की," अव्वा त्यांना म्हणाली. "ते ऐकून मला बरंच वाटलं. म्हटलं सुटले, आता कोन कापत न्हाई. मला त्येचंच भ्याव वाटत हुतं. पर तुमचं तोंड बघितलं आन् म्हटलं, आता ह्यांच्यापुढं बरं वाटलं म्हणून कसं सांगायचं?"

अप्पा पुन्हा बसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज झाला नाही. अव्वाने त्यांना रडू दिलं, थांबवलं नाही.

आदितीने मग सगळं सांगितलं. जड शब्द न वापरता, एकेक गोष्ट. गाठ कुठे आहे, कुठवर पसरली आहे, ती का निघणार नाही. नळी बसवली तर खाज थांबेल, झोप लागेल. किती दिवस, ते कुणालाच सांगता येत नाही, पण फार नाहीत. अव्वा मध्ये मध्ये "व्हय" म्हणत होती, जणू कुणी तिला गावाचा रस्ता सांगत होतं. शेवटी आदितीने तिला विचारलं, "आता तुला काय पाहिजे ते सांग."

"मला काय पायजे?"

"कशाला म्हणू नगंस," अप्पा भरल्या आवाजात म्हणाले. "इचारतोय तर सांग."

हा प्रश्न अव्वाच्या सवयीचा नव्हता. उत्तर शोधायला तिला बरंच आत जावं लागत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला हितं ऱ्हायचं हाय," ती म्हणाली.

"हितं म्हंजे?" अप्पा म्हणाले. "लेकीच्या घरात? आपलं घर असताना? लोक काय म्हणतील?"

"तिकडं गेले की गाव बघाया यील. आलेल्याला च्या, आलेल्याला पानी. मी पडून ऱ्हायले तरी हातरुणातनं माझं ध्यान चुलीकडं. दूध उतू गेलं का, जनावराला वैरण घातली का. त्या घरात मला पडून ऱ्हायला येतच न्हाई वो. शिकलेच न्हाई." तिने बाल्कनीतून बाहेर बघितलं. "हितं माझं कायबी न्हाई. हितलं दूध उतू गेलं तर ते हिचं. मला बघाया बी लागायचं न्हाई."

मग अप्पा म्हणाले, "ऱ्हा मग. मी बी येतो."

त्यांनी गावी जाऊन म्हैस चुलतभावाकडे बांधली, शेताचं काम गुंडू गड्यावर सोपवलं आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत दोघांचे कपडे घालून परत आले. ऋषभ, आदितीचा धाकटा भाऊ, बंगळूरहून आला तो तावातावातच. तिथल्या मोठ्या इस्पितळात त्याने नाव नोंदवून ठेवलं होतं. "अजून एक मत घ्यायला काय हरकत आहे? नुसतं बसून राहायचं?" तो दारातच आदितीला म्हणाला. आदितीने वाद घातला नाही. म्हणाली, "आत जा आणि तिलाच विचार." तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "मला म्हणाली, ह्यांनी विचारलं, मी सांगितलं, झालं की," तो म्हणाला. "आणि मग म्हणाली, आलायस तर पाय चेपून दे. आयुष्यात कधी मला पाय चेप म्हणाली नव्हती गं." तो चार दिवस राहिला आणि चारही दिवस त्याने पाय चेपले.

नळी बसवल्यावर खाज थांबली. कातडीचा पिवळेपणा उतरला आणि अव्वाला गाढ झोप लागायला लागली. ते काही महिने घरातल्या कुणालाही सुखाचे म्हणवणार नाहीत, पण जडही गेले नाहीत. अव्वा मागायला शिकत होती. सुरुवातीला लाजत, इकडेतिकडे बघून. खुर्ची जरा उन्हाकडे सरकव. उशी पातळ दे. एकदा म्हणाली, कुरुंदवाडची बासुंदी खावीशी वाटते. अप्पा एसटीने जाऊन ती घेऊन आले. तिने दोन चमचे खाल्ली आणि बाकीची त्यांच्यापुढे सरकवली. खालच्या मजल्यावरची संयोगिता तिच्याशी बोलायला यायची. तिलाही अव्वाने एकदा सांगितलं, आज नको, आज मला बोलवत नाही, उद्या ये. ती गेल्यावर अव्वा स्वतःशीच जरा हसली.

स्वयंपाकाचं काम अप्पांनी अंगावर घेतलं. आदिती आणि भरतेश कामाला गेले की घरात ते दोघंच. आयुष्यभर त्यांनी गॅस पेटवला नव्हता. पहिल्यांदा केलेल्या जोंधळ्याच्या कण्या करपल्या. अव्वाने तोंडात घालून बघितलं आणि म्हणाली, "करपल्यात. दुसऱ्या करा." अप्पांनी दुसऱ्या केल्या. संध्याकाळी त्यांनी हे आदितीला कौतुकाने सांगितलं, कुणी बक्षीस दिल्यासारखं. "मला म्हणाली, दुसऱ्या करा. मी म्हटलं, करतो की."

कारखान्याचा हंगाम सुरू झाला तसं तिचं अन्न सुटत गेलं. मग पाणीही घोटघोट. एका सकाळी आदिती कॉलेजला निघाली होती, तेव्हा अव्वाने तिचा हात धरला. म्हणाली, आज जाऊ नगंस. आदितीने पर्स खाली ठेवली. अप्पा उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणत होते, अव्वाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. नंतर ते हलायचे थांबले, तरी अप्पा म्हणतच राहिले. भरतेशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे ते थांबले. पंचगंगेच्या काठावर दुपारी सगळं उरकलं.

दुखवट्याला माणसं कुरुंदवाडच्या घरीच येणार, म्हणून सगळे तिकडे गेले. सोप्यात सतरंजी घातली होती. बायका येत होत्या, बसत होत्या, उठून जात होत्या. पलीकडच्या गल्लीतली विठाबाई, अव्वाच्या वयाची, आदितीजवळ बसून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "तिला घरला आणायला पायजे हुतं. भरलं घर असताना लेकीच्या दारात जीव गेला. अण्णाप्पानं असं करायला नगं हुतं."

आदिती काही बोलणार तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या अप्पांनी मान वर केली. सोप्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कुरुंदवाडच्या दणदणीत आवाजात, ते म्हणाले, "तिनं मागितलं. जलमात एकदा मागितलं. म्हणून दिलं."

विठाबाईने पदर तोंडाला लावला आणि ती उठून अप्पांच्या समोर जाऊन बसली. मग तिने हळूच विचारलं, "शेवटाला तरास झाला काय वो तिला?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "झोपायची चांगली."